होडी कोरडी आहे ना?

कॅलिफोर्निया आणि नेवाडा या दोन राज्यांच्या सीमेवर, उंच डोंगरांच्या मधोमध ताहो नावाचं तळं आहे. खोली ५०१ मीटर. एकावर एक सहा कुतुबमिनार उभे केले, तरी वरच्याचा कळस पाण्याबाहेर डोकावणार नाही. उन्हाळ्यात इथं स्वतःची मोटरबोट घेऊन येणाऱ्याला थेट काठावर जाता येत नाही. आधी तळ्यापासून दूर, रस्त्यालगतच्या तपासणीच्या जागी थांबावं लागतं. बोट ट्रेलरवर चढवलेली, ट्रेलर गाडीला जोडलेला. कर्मचारी विजेरी घेऊन येतो आणि सगळ्यात आधी विचारतो, "ही बोट याआधी कुठल्या पाण्यात होती?" मग तो बोटीभोवती फिरतो, वाकून खाली बघतो आणि सुतार रंधा मारलेल्या फळीवरून फिरवतो तसा बोटीच्या तळावरून तळहात फिरवतो. मागचं बूच काढायला लावतो. त्या भोकातून पाण्याची बारीकशी धार जरी आली, तरी त्या कुटुंबाचा सहलीचा दिवस तिथंच लांबतो.

आपल्याकडे जकात नाके होते, तेव्हा ट्रकवाल्याला विचारायचे, "माल काय आहे?" इथं विचारतात, "पाणी आहे का?" जकात भरल्या गाडीवर लागायची. इथं संशय रिकाम्या बोटीवर असतो, तिच्या पोटात राहिलेल्या तांब्याभर पाण्यावर.

ताहोवर ही तपासणी २००८ पासून सक्तीची आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या बहुतेक राज्यांमध्ये असे नाके आहेत. मोंटाना राज्यात तर वल्ह्यांची छोटी कयाकसुद्धा नाका चुकवून नेता येत नाही. एवढा सगळा खटाटोप नखाएवढ्या शिंपल्यासाठी आहे, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही.

या शिंपल्याची ओळख करून द्यायला मी मालवण-वेंगुर्ल्याकडे जाईन. तिकडे खडकांवरचे शिनाणे खरवडून आणतात. साफ करताना शिंपल्याच्या फटीतून एक केसाळ शेंडी ओढून काढावी लागते, ती न काढता कालवण केलं तर दातात येते. ती शेंडी म्हणजे शिनाण्याचे दोर. त्यांच्या जोरावर तो लाटांच्या माऱ्यातही खडक सोडत नाही. असे दोर असणारे शिंपले एरवी समुद्रात किंवा खाडीत राहतात. गोड्या पाण्यातले शिंपले सहसा वाळूत, चिखलात रुतून असतात, ते कशाला चिकटत नाहीत. काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या भागातले दोन शिंपले मात्र दोन्ही गुण घेऊन आलेत. राहतात गोड्या पाण्यात आणि चिकटतात शिनाण्यासारखे. एकाच्या अंगावर पट्टे म्हणून त्याला झेब्रा शिंपला म्हणतात. दुसऱ्याचं नाव क्वागा. क्वागा हा झेब्र्याचाच एक प्रकार होता, माणसानं शिकार करून तो नामशेष केला. त्याचं नाव ज्या शिंपल्याला दिलं, तो काही केल्या संपत नाही, हा विनोद नाव देणाऱ्याला तेव्हा सुचला नसेल.

झेब्रा शिंपला १९८८ मध्ये अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या सेंट क्लेअर तळ्यात सापडला, पुढच्याच वर्षी क्वागा ईरी तळ्यात. दोघंही आले ते मोठ्या मालवाहू जहाजांतून. रिकामं जहाज समुद्रात डगमगू नये म्हणून त्याच्या टाक्यांमध्ये भार म्हणून बंदरातलं पाणी भरतात आणि माल चढवायची वेळ आली की ते दुसऱ्या बंदरात सोडून देतात. युरोपातलं पाणी अशा रीतीनं अमेरिकेच्या तळ्यांत ओतलं जात होतं आणि त्यासोबत शिंपल्याची पिल्लंही. पुढे नियम झाले. जहाजानं भर समुद्रात टाक्यांमधलं पाणी बदलायचं, म्हणजे गोड्या पाण्यातले जीव खाऱ्या पाण्यात मरतील. नियम चांगला होता, पण शिंपला तोवर घरात शिरला होता.

तो काय करतो? मिशिगन राज्यातल्या मन्रो या छोट्या शहराला १९८९ मध्येच त्याचा अनुभव आला. तळ्यातून पाणी उचलणारा पाइप शिंपल्यांनी एवढा भरला की शहराचा पाणीपुरवठा बंद पडला. त्याच भागातल्या वीजकेंद्राच्या पाण्याच्या कालव्यात एका चौरस मीटरमध्ये सात लाखांपर्यंत शिंपले मोजले गेले. एवढ्या जागेत सात लाख मावतात कसे, तर एकावर एक, शिंपल्यावर शिंपला, थर चढवत. धरणाच्या झडपा, जाळ्या, थंड पाण्याच्या नळ्या, जिथं पाणी वाहतं तिथं त्यांची वस्ती, कारण वाहतं पाणी त्यांच्या तोंडापर्यंत अन्न आणून देतं.

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही, उलट ते छान दिसतं. एक शिंपला दिवसाला साधारण लिटरभर पाणी गाळतो आणि त्यातलं सूक्ष्म शेवाळ खातो. कोट्यवधी शिंपले हे काम करू लागले की तळं काचेसारखं नितळ होतं. पर्यटक खूश होतात. पण त्या शेवाळावर बारीक जीव जगत होते, त्या जीवांवर लहान मासे आणि लहान माशांवर मोठे. नितळ झालेलं तळं हे उपाशी तळं असतं. पाण्यात ऊन खोलवर पोचतं, मग तळाशी पाणवनस्पती माजतात. शिवाय शिंपला चोखंदळ आहे. विषारी निळं-हिरवं शेवाळ तोंडात आलं तर तो थुंकून टाकतो, आणि स्पर्धक खाऊन संपवल्यामुळे तेच शेवाळ वाढतं.

हे एकदा तळ्यात आलं की काढता येत नाही. मोठ्या, उघड्या तळ्यातून हे शिंपले समूळ काढून टाकता येतील असा कुठलाही व्यवहार्य उपाय आजघडीला हातात नाही. आपल्याकडे हे पटवून द्यायला जलपर्णी पुरेशी आहे. ती दक्षिण अमेरिकेतून शोभेची वनस्पती म्हणून आली. आज पंचगंगा असो की मुळा-मुठा, दरवर्षी यंत्रं लावून काढायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा काढायची. जलपर्णी निदान वर तरंगते, दिसते, हाताला लागते. क्वागा तळ्याच्या थंडगार, अंधाऱ्या तळापर्यंत पसरतो. त्याला उपटणार कसा?

म्हणून सगळी लढाई तळ्याबाहेर, रस्त्यावर.

रस्त्यावरच का, हे समजून घ्यायला साधा भूगोल पुरतो. पाणी उताराकडे वाहतं. वरच्या तळ्यातला शिंपला खालच्या नदीत आपोआप जाईल, पण खालच्या नदीतला वरच्या तळ्यात जाणार नाही, आणि डोंगर ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात तर मुळीच नाही. त्याला पाय नाहीत. त्याला कुणीतरी उचलून न्यावं लागतं. जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या पश्चिमेला, हूव्हर धरणामागच्या लेक मीड या जलाशयात क्वागा सापडला, तेव्हा तो त्याच्या आधीच्या वस्तीपासून हजारो किलोमीटर दूर होता. मध्ये वाळवंट, पर्वत, कोरडी पठारं. एवढा प्रवास एकाच वाहनानं होऊ शकतो: ट्रेलरवरची बोट, ताशी शंभर किलोमीटरच्या वेगानं.

आता या प्रवासाचे दोन प्रकार आहेत आणि तपासणीची सगळी पद्धत त्यांच्यावर बेतलेली आहे.

पहिला प्रकार मोठ्या शिंपल्यांचा. एखादी बोट बाधित तळ्यात धक्क्याला महिनोन्महिने बांधून ठेवलेली असेल, तर तिच्या तळाला, पंख्याला, पाइपांच्या तोंडांना शिंपले चिकटतात. मालकानं ती विकली, नव्या मालकानं दूरच्या राज्यातून ओढत आणली, की शेकडो प्रौढ शिंपले सोबत येतात. थंड, दमट हवेत ते पाण्याबाहेर काही आठवडेसुद्धा जिवंत राहू शकतात. कवच मिटून घ्यायचं आणि वाट बघायची.

दुसरा प्रकार पिल्लांचा. मादी वर्षाला दहा लाखांपर्यंत अंडी सोडते. त्यातून निघणाऱ्या अळ्या केसाच्या जाडीएवढ्या असतात आणि चिकटण्याआधी काही आठवडे पाण्यात तरंगत राहतात. त्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत. एक दिवसाच्या सहलीसाठी बाधित तळ्यात उतरलेल्या बोटीला बाहेरून काहीच चिकटलेलं नसतं. ती चकचकीत दिसते. पण तिच्या पोटात साचलेल्या पाण्यात, इंजिन थंड करणाऱ्या नळ्यांत, मासे जिवंत ठेवायच्या टाकीत अळ्या असू शकतात.

म्हणजे घाणेरडी दिसणारी बोट धोक्याची असतेच, पण स्वच्छ दिसणारीही तेवढीच असू शकते. तपासणारा माणूस शिंपला शोधत असतो हे अर्धंच खरं आहे. बहुतेक वेळा तो ओल शोधत असतो.

त्यामुळे बोटीला हात लावण्याआधी प्रश्न येतात. शेवटची कुठं होती? कधी बाहेर काढली? दिवसभरच होती की मुक्कामाला? त्यानंतर धुतली का, सुकली का? या उत्तरांवरून धोका ठरतो. गेल्या महिनाभरात बाधित पाण्यात होती असं उत्तर आलं, तर बोट कितीही लख्ख असली तरी ती संशयितच. लोक खोटं बोलत नाहीत का? बोलतात. पण बोटीचा नोंदणी क्रमांक, राज्याचे स्टिकर, आधीच्या नाक्यांवरच्या नोंदी यांच्याशी उत्तरं ताडून बघता येतात. आणि अनेकदा बोटच चुगली करते. चार आठवड्यांपासून अंगणात उभी आहे असं सांगितलेल्या बोटीतला दोर ओला निघतो.

मग प्रत्यक्ष तपासणी. तळावरून हात फिरवायचा, कारण नुकतेच चिकटलेले शिंपले एवढे बारीक असतात की डोळ्यांना तो डाग वाटतो, पण बोटांना तो पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागतो. गुळगुळीत फायबरवर अचानक खरखर लागली, की थांबायचं. आपल्याकडे पावसाळ्याआधी किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांचे तळ खरवडणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागणार नाही, त्याचा हात तयार असतो. फक्त तो होडी जड होऊ नये म्हणून खरवडतो. खरवडलेलं दुसऱ्या पाण्यात जाऊ नये, हा विचार त्याला करावा लागत नाही, कारण त्याचा समुद्र एकच आहे.

शिंपल्यांना सांदीकोपरे आवडतात, त्यामुळे तपासणीही सांदीकोपऱ्यांची. पंखा आणि त्याचा दांडा. दोन धातूंचे जोड. पाण्याची खोली मोजणाऱ्या यंत्राचा तळाशी लावलेला तुकडा. इंजिनसाठी पाणी ओढणाऱ्या भोकांची जाळी. नांगर आणि विशेषतः नांगराचा दोर, कारण तो तळाशी जाऊन चिखल आणि वनस्पती घेऊन येतो आणि मग अंधाऱ्या कप्प्यात वेटोळं करून पडतो. तिथं तो दोन-दोन आठवडे सुकत नाही. ट्रेलर तर बोटीइतकाच लबाड. बोट उतरवताना तोही पाण्यात बुडतो. त्याच्या पोकळ लोखंडी नळ्यांत पाणी शिरतं, बोट ज्यावर टेकते त्या गालिचा मढवलेल्या फळ्या ते शोषून घेतात, चाकाच्या आसाला पाणवनस्पती गुंडाळली जाते. ती काडीभर वनस्पती बघून हसू नका. शिंपल्याची पिल्लं वनस्पतीला चिकटून प्रवास करतात, आणि काही पाणवनस्पतींचा एवढासा तुकडाही नव्या तळ्यात रुजतो, म्हणजे शिंपला नसला तरी दुसरा पाहुणा असतोच.

तपासणाऱ्यांना सगळ्यात जास्त डोकेदुखी देते ती मागे मोठी लाट उठवण्यासाठी बनवलेली बोट. त्या लाटेवर फळी घेऊन घसरायचा खेळ अमेरिकेत फार लोकप्रिय आहे. लाट मोठी व्हावी म्हणून बोट जड लागते, म्हणून तिच्या पोटात रबरी पिशव्या किंवा टाक्या असतात आणि त्यात तळ्याचंच पाणी भरतात. खेळ संपला की पंपानं बाहेर टाकतात. पण पंप शेवटचं पाणी ओढू शकत नाही. तळाशी काही लिटर राहतंच. हीच ती मालवाहू जहाजांची जुनी गोष्ट, फक्त सहकुटुंब सहलीच्या आकारात.

काही ठिकाणी हे काम कुत्रेही करतात. मोंटाना आणि कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात शिंपल्याच्या वासावर तयार केलेले कुत्रे आहेत. माणसाला जिथं आरसा धरून बघावं लागतं, तिथं त्यांचं नाक आधी पोचतं. शिंपला असलेल्या जागेपाशी कुत्रा शांतपणे बसतो. बक्षीस म्हणून चेंडू मिळतो.

काही सापडलं किंवा नुसता संशय आला तर पुढचा टप्पा धुण्याचा. त्यात साबण नाही, ब्लीच नाही. फक्त गरम पाणी. बोटीच्या बाहेरच्या बाजूवर सुमारे ६० अंश सेल्सियसचं पाणी सोडतात आणि प्रत्येक जागेवर किमान १० सेकंद धरतात. फवारा पुढे सरकवायची घाई केली तर फक्त आंघोळ होते, शिंपला मरत नाही. आतल्या टाक्या आणि कप्प्यांसाठी ४९ अंशांच्या आसपासचं पाणी, कारण आतले पंप आणि रबर जास्त उष्णता सहन करत नाहीत. पाणी कमी गरम, म्हणून ते जास्त वेळ ठेवायचं. इंजिनमध्ये गरम पाणी सोडून ते बाहेर येईपर्यंत थांबतात आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचं तापमान मोजतात. आत जाताना ६० असलेलं पाणी थंड धातूतून फिरून बाहेर येईपर्यंत ४० झालं असेल, तर काम झालेलं नाही. रसायन का नाही? बोटीच्या भागांना अपाय होतो आणि धुतलेलं पाणी जमिनीवर वाहतं. गरम पाणी थंड झालं की ते फक्त पाणी उरतं.

जोराचा फवारा हा वेगळा विषय आहे. तो शिंपले उखडण्यासाठी असतो, मारण्यासाठी नाही. आधी मारायचे, मग उखडायचे. मेलेले शिंपलेही बोटीवर ठेवत नाहीत, नाहीतर पुढच्या नाक्यावरच्या माणसाला ते आधीच मेलेत हे कसं कळणार?

अमेरिकेत या सगळ्याची घोषणा तीन शब्दांची आहे: साफ करा, निथळवा, सुकवा. घोषणा सुटसुटीत आहे, पण माझ्या मते तिचा क्रम लोकांची दिशाभूल करतो. साफ करणं दिसतं, त्यात समाधान असतं, म्हणून लोक तेवढंच करतात. खरा मारेकरी तिसरा शब्द आहे. सुकणं फुकट आहे, त्याला यंत्र लागत नाही, लागतात फक्त दिवस, आणि सुट्टीवर निघालेल्या माणसाकडे नेमके तेच नसतात. युटा राज्याचा हिशोब बघा. उन्हाळ्यात ७ दिवस, वसंत आणि शरद ऋतूत १८, हिवाळ्यात ३०. वाळवंटातल्या कडक उन्हात शिंपला आठवड्यात मरतो, थंडीत त्याला मरायला महिना लागतो. आपल्या कोकणातल्या श्रावणात किती दिवस लागतील, याची कल्पना पापड वाळत घालणाऱ्यांनी करावी.

या सगळ्यातून बोटी सुटत नाहीत का? सुटतात. नाके रात्री बंद असतात, चोरवाटा असतात, दमलेली माणसं असतात. मग उपयोग काय, असा प्रश्न रास्त आहे. उत्तर शिंपल्याच्या संसारात आहे. नर आणि मादी वेगळे असतात आणि दोघंही आपलं बीज पाण्यात मोकळं सोडतात. ते एकमेकांना भेटायला आसपास दोघांचीही पुरेशी गर्दी हवी. मोठ्या तळ्यात चार अळ्या पडल्या तर त्या बहुधा विखरून मरतात. वस्ती व्हायला पुन्हा पुन्हा, पुरेशा संख्येनं यावं लागतं. म्हणजे नाक्यानं शंभरातल्या शंभर बोटी पकडण्याची गरज नाही. नव्वद पकडल्या तरी उरलेल्या दहांच्या पाण्यातून संसार जमण्याची शक्यता फार घटते. ही भिंत नाही, हा जुगार आहे, आणि नाका फासे आपल्या बाजूला झुकवतो.

तरीही कधीतरी हरतोच. कोलंबिया नदीचं खोरं अमेरिकेतल्या मोठ्या खोऱ्यांपैकी या शिंपल्यांपासून वाचलेलं शेवटचं मानलं जात होतं. त्यातल्या धरणांवर वायव्य अमेरिकेची वीज चालते, त्यामुळे आयडाहो राज्य २००९ पासून बोटी तपासत होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या, कोलंबियाला मिळणाऱ्या स्नेक नदीत, ट्विन फॉल्स गावाजवळ क्वागाच्या अळ्या सापडल्या. सरकारनं नदीचा तो भाग लोकांसाठी बंद केला आणि पाण्यात तांबं धातू असलेलं औषध सोडलं. वाहत्या नदीत असा प्रयोग करणं म्हणजे जिवावर उदार होणंच. त्यात मासेही मेले. पुढच्या वर्षी अळ्या पुन्हा दिसल्या, पुन्हा औषध सोडलं. हे बरोबर की चूक, यावर वाद घालता येईल, पण नाक्यावरच्या तांब्याभर पाण्याची किंमत काय असते, ते तिथल्या लोकांना कळलं.

आणि काही वाटा बोटींच्या नसतातच. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मासे पाळणाऱ्यांच्या दुकानांत विकायला ठेवलेल्या हिरव्या शेवाळाच्या गोळ्यांमध्ये जिवंत झेब्रा शिंपले निघाले. काचेच्या टाकीत शोभेला ठेवायचा गोळा, कंटाळा आला की तळ्यात टाकून देतात. महामार्गावर नाके लावून बसलेली सगळी यंत्रणा आणि शिंपला पिशवीतून घरपोच.

नाक्यामुळे काय वाचू शकतं, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मात्र अमेरिकेतलं नाही, आणि त्याला मुंबईचा धागा आहे. झेब्रा शिंपल्याच्या कुळातला, पण खाऱ्या आणि मचूळ पाण्यात राहणारा, काळ्या पट्ट्यांचा एक शिंपला मूळचा मध्य अमेरिका-कॅरिबियन भागातला. १९६० च्या दशकात तो विशाखापट्टणमच्या बंदरात सापडला आणि पुढच्या दशकात मुंबईच्या नौदल गोदीत. आपल्याकडे तो आला, स्थिरावला आणि बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्याच्याशी जुळवून घेतलं.

मार्च १९९९ मध्ये हाच शिंपला उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरातल्या बोटींच्या गोदीत सापडला. काही महिन्यांपूर्वीच्या पाहणीत तो तिथं नव्हता, आणि आता एका चौरस मीटरमध्ये वीस हजारांहून जास्त. डार्विनचं नशीब असं की तिथं भरती-ओहोटीचा फरक आठ मीटरपर्यंत जातो, त्यामुळे ओहोटीत बोटी चिखलात बसू नयेत म्हणून गोद्यांना पाणी अडवणारे दरवाजे बांधलेले होते. दरवाजे बंद केले की गोदीची टाकी होते. त्यांनी दरवाजे बंद केले आणि पाण्यात ब्लीच आणि मोरचूद ओतलं. आतलं सगळंच मेलं, मासेसुद्धा. सोबत आणखी एक किचकट काम चाललं होतं: या गोद्यांमधून आधीच्या महिन्यांत बाहेर पडलेल्या प्रत्येक बोटीचा शोध. मासेमारीच्या, सहलीच्या, जगभर फिरणाऱ्या, सगळ्या. एकेक सापडवून तपासली. शिंपला संपला. पसरलेला आक्रमक सागरी जीव समूळ काढता आल्याची उदाहरणं जगात फार थोडी आहेत, त्यातलं हे एक. तेव्हापासून डार्विनच्या गोद्यांमध्ये शिरू पाहणाऱ्या परदेशी बोटींचे तळ पाणबुडे तपासतात आणि त्यांच्या आतल्या खाऱ्या पाण्याच्या नळ्यांत औषध सोडतात. दरवाजा उघडण्याआधी.

उघड्या समुद्रावरच्या बंदरात हे शक्य नाही, हे वेगळं सांगायला नको. मुंबईला दरवाजा नाही. डोंगरातल्या तळ्याला मात्र एका अर्थानं आहे, कारण तिथं जायचे रस्ते मोजकेच असतात.

ताहोकडे परत येतो, कारण तिथं अलीकडे एक बदल झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन बंदरात सोनेरी शिंपला सापडला, उत्तर अमेरिकेत पहिल्यांदाच. हा आशियातला, चीनकडचा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो दक्षिण अमेरिकेत पोचला आणि तिथल्या नद्यांमधून वर सरकत अवाढव्य इताइपू धरणापर्यंत गेला. झेब्रा आणि क्वागाला कवचासाठी पाण्यात बऱ्यापैकी कॅल्शियम लागतं. ताहोचं पाणी वितळलेल्या बर्फाचं, त्यात कॅल्शियम कमी, तेवढाच एक दिलासा होता. सोनेरी शिंपला कमी कॅल्शियमवर भागवतो. दिलासा संपला. शिवाय स्टॉकटनच्या परिसरातून कॅलिफोर्नियाचे मोठे कालवे दक्षिणेकडे पाणी नेतात, आणि कालव्याला कुठला नाका? कॅलिफोर्नियातल्या काही जलाशयांनी बाहेरच्या बोटी बंदच केल्या, काहींनी ३० दिवस कोरड्या ठेवायची अट घातली.

ताहोनं २०२५ च्या मोसमापासून वेगळा निर्णय घेतला. बोटीवर ताहोचं सील नसेल, तर तपासणीत काही सापडो न सापडो, तिला गरम पाण्यानं धुतल्याशिवाय पाण्यात उतरू द्यायचं नाही. हात फिरवून खरखर शोधणाऱ्या माणसाच्या बोटांवर त्यांनी विसंबायचं थांबवलं, असा याचा अर्थ मी काढतो. अळी बोटांना लागत नाही, हे त्या माणसाला आधीपासूनच ठाऊक होतं.

ते सील म्हणजे एक बारीक तार. बोट ताहोतून बाहेर निघताना कर्मचारी तिच्या पुढच्या कडीतून आणि ट्रेलरच्या दांड्यातून ती ओवून घट्ट करतो आणि तिला क्रमांकाचा बिल्ला लावतो. तार शाबूत असेपर्यंत बोट ट्रेलरवरून हलू शकत नाही, म्हणजे ती दुसऱ्या कुठल्या पाण्यात उतरलेली नाही. पुढच्या रविवारी तीच बोट तीच तार घेऊन परत आली, तर थेट काठावर. तार तुटलेली असेल, तर मालक काहीही सांगो, आधी गरम पाण्याच्या रांगेत.